बिनफितीचा पुडा

कास्तेल्लामारे,
रविवार, ९ नोव्हेंबर १९७५

प्रिय जुस्तिना,

तुझं पत्र येऊन पुष्कळ दिवस झाले. उत्तर राहिलं, कारण मी लिहायला बसले की आई खांद्यावरून डोकावतात आणि सांगतात, "लिही, सगळं ठीक आहे. कातेल्लोचं जहाज लांब गेलंय म्हणून लिही." आता हे मी त्याच्या सख्ख्या बहिणीला लिहायचं. आज त्या जेवून जरा पडल्या आहेत, तेव्हा खरं लिहून घेते.

रविवार म्हणजे मात्तेओंच्या बेकरीत जाणं आलंच. चर्च सुटलं की अख्खं गाव तिथे लोटतं, तू होतीस तेव्हापेक्षाही जास्त. रांग नावाची वस्तू या गावाला अजून ठाऊक नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचा नंबर आधी. म्हातारे कोपरं बाहेर काढून उभे, बायका त्यांच्या काखेखालून पुढे सरकतात, आणि काउंटरमागे डोन्ना इदा पिठीसाखरेने पांढऱ्या झालेल्या हातांनी पुडे बांधता बांधता सगळ्यांशी भांडते. आज एकाला म्हणाली, "सिन्योर, तुमची बायको बाळंत होतेय का? नाही ना? मग थांबा." भट्टीतून गोड, पदरापदरांच्या स्फोल्यातेल्लांचा गरम पत्रा बाहेर आला की मात्र सगळे गप्प होतात. पापुद्र्यांची कुरकुर ऐकू येते आणि संत्र्याच्या सालीचा वास सुटतो. तेवढा क्षण मला अजून आवडतो. लाज वाटते, पण आवडतो.

मग मी पुढे होते आणि घोळका आपोआप बाजूला सरकतो. मला कोणी ढकलत नाही. इदा विचारते, "नेहमीचंच?" नेहमीचं म्हणजे आईंची आणि माझी मऊ पिठाची स्फोल्यातेल्ला, आणि वर दोन कुरकुरीत, पदर सुटलेल्या, कातेल्लोसाठी. मऊ त्याला कधी चालली नाही, बोळक्यांचं खाणं म्हणायचा. इदा पुडा बांधते, वर गुलाबी फीत लावते, बोट अडकवायला फास ठेवते. तो बोटाला लटकवून मी सणाला निघाल्यासारखी भर रस्त्यातून घरी येते. संध्याकाळी आई त्या दोन्ही उचलून खालच्या मजल्यावर देऊन टाकतात. "कातेल्लोला आज जमलं नाही," म्हणतात. घेणारेही मान डोलावतात.

जुस्तिना, जहाज फेब्रुवारीत बिस्केच्या उपसागरात बुडालं. होडी सापडली ती रिकामी. कंपनीने शोध थांबवल्याचं कळवून टाकलं. बेनेदेत्ताचा नवराही त्याच जहाजावर होता. त्याचंही काही हाती लागलं नाही, तरी तिने काळं घातलं, चर्चमध्ये त्याच्या नावाने मिस्सा झाली, बायकांनी तिला धरून रडवलं. आणि आमच्या घरी? मी काळा झगा बाहेर काढला तर आईंनी तो हातातून ओढून बोळा करून चुलीत घातला. "माझा मुलगा समुद्रावर आहे. समुद्रावर असलेल्या माणसासाठी रडायचं नसतं." म्हणून मी धुणं धुताना नळ सोडते आणि रडून घेते. धुणं हल्ली फार निघतं आमच्याकडे.

तू त्यांना लिही. ऐकलं तर तुझंच ऐकतील. मला दुसरं काही नको. नवऱ्यासाठी एक मिस्सा, आणि चार बायकांत बसून रडायची मोकळीक. एवढंसुद्धा मागून घ्यावं लागतंय.

तुझी,
ओर्सोला

*

विंटरथुर,
स्वित्झर्लंड, २१ नोव्हेंबर १९७५

ओर्सोला,

वाचलं. दोनदा वाचलं. आणि तुझा रागच आला, तेव्हा गोड लिहीन अशी अपेक्षा ठेवू नकोस.

तुला काळं घालायची एवढी काय घाई झालीय? काळा रंग कुठे पळून जातोय का? आईला आणखी थोडे दिवस मुलगा जिवंत हवा असेल तर तुझं काय जातं? पुडा आणायला सांगते, तर आण. फीत लावून देतात, तर घे. रविवारी गोड खायला मिळतंय त्याचंही गाऱ्हाणं करणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. इथे रविवारी आम्ही गिरणीतल्या बायका उकडलेले बटाटे खातो आणि एकमेकींच्या गावच्या पावसाच्या गोष्टी ऐकतो.

आता कामाचं. माझ्या गिरणीत वसंतात नवीन बायका घेणार आहेत. मुकादमाशी बोलून ठेवलंय. माझ्या खोलीतली पलंगाची जागा रिकामी होतेय. परवान्यासाठी फोटो पाठव. डोक्याला काही न बांधता काढलेला, आणि चेहरा जरा बरा कर. एक वर्ष ये, नंतरचं नंतर बघू. नवरा समुद्रावर असलेली बाई नणंदेकडे कामाला गेली तर कोणी बोट दाखवत नाही.

वरच्या आळीतला एकजण येत्या आठवड्यात गावी येतोय, त्याच्याबरोबर तुला कोट पाठवतेय. डाळिंबी रंगाचा आहे. घाल. पेटीत ठेवायला पाठवलेला नाही.

आईची काळजी करू नकोस. ती तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त दिवस जगेल.

जुस्तिना

*

कास्तेल्लामारे,
७ डिसेंबर १९७५

जुस्तिना,

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तुझा स्वभाव थंडीतही गोठलेला दिसत नाही.

तुझं पत्र वाचून एक गोष्ट कळली. तुम्हा मायलेकींना मी घरातून जायला हवी आहे. सरळ लिहायचं होतंस. मी विचार करत होते, आई हल्ली रोज जेवताना स्वित्झर्लंडचं कौतुक का करतात. तिथले रस्ते, तिथला पगार, तिथलं दूध. ज्या बाईने उभ्या जन्मात नेपल्सच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही, तिला तिथल्या दुधाची चव कशी कळली? मुलगा परत येईल तेव्हा सून दारात हवी की नको? मुलगा यायचाय म्हणतात आणि सुनेला गाडीत बसवायला निघाल्या आहेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झालीय.

कोट आला. तसाच कागदात आहे.

उद्या मरियेचा सण. आज बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. काउंटरच्या एका टोकाला पांढऱ्या कागदाचे पुडे वेगळे ठेवलेले होते, साध्या सुतळीने बांधलेले. मी न विचारताच इदा म्हणाली, "बेनेदेत्ताकडे न्यायचे." दुखवट्याच्या घरात सणाचं गोड शिजत नाही, त्या घरच्या माणसाने विकत आणायचं तर नावच नको. म्हणून तिच्या आळीने वाटून घेतलंय, आज कोण नेणार, नाताळला कोण, जानेवारीत तीन राजांच्या सणाला कोण. मी बाहेर पडले तेव्हा एक बाई तसला पुडा दोन्ही तळव्यांवर घेऊन पुढे चालली होती. तुला आठवतं ना, तो पुडा बोटाला लटकवत नाहीत. रस्त्यातली माणसं बोलायची थांबली. पुरुषांनी टोप्या काढल्या. आणि तिच्यामागून मी, गुलाबी फितीत बोट अडकवून.

मला बेनेदेत्ताचा हेवा वाटला. खोटं कशाला लिहू, वाटला. तिचा नवरा मेलाय, हे सगळ्या गावाला मान्य आहे. तिला झोप लागते म्हणे. माझा ना जिवंत, ना मेलेला, आणि मी ना बायको, ना विधवा. मी कोण आहे ते एकदा लिहून पाठव, म्हणजे तसं वागायला बरं.

फोटो पाठवणार नाही.

ओर्सोला

*

विंटरथुर,
१८ डिसेंबर १९७५

ओर्सोला, पोरी,

भांडू नकोस. आज मला भांडायचं त्राण नाही.

तुला घालवून द्यायचं कोणाच्या मनात नाही. शप्पथ. यापेक्षा जास्त लिहिता येत नाही, कारण कोणाला तरी शब्द दिलाय, आणि तो मोडावा असं अजून तरी वाटत नाही. एवढंच धरून चाल की, आई जे करतेय ते तुझ्यावर राग धरून करत नाही. तिची रीत मलाही आवडत नाही. पण मी इतक्या लांब बसून तिला शिकवायला गेले, तर ती म्हणेल, तू तर कधी कोणाची बायकोच झाली नाहीस.

तू नळाखाली रडतेस, मी यंत्राखाली. गिरणीत चात्या फिरायला लागल्या की शेजारी कोणी किंचाळलं तरी ऐकू येत नाही. पहिले काही महिने मी रोज सकाळी त्या आवाजात त्याला नावाने हाका मारायचे. शेजारची पोर्तुगीज बाई माझे ओठ बघून समजायची मी गाणं म्हणतेय. एकदा तिनेही माझ्याबरोबर ओठ हलवायला सुरुवात केली. मग मी सोडून दिलं.

माझा भाऊ गेलाय, ओर्सोला. मला माहीत आहे. तुला माहीत आहे. हे आपल्या दोघींत राहू दे.

जानेवारीच्या अखेरीला मुकादमाला नावं द्यायची आहेत. त्याच्या पुढे तो थांबणार नाही. तोवर आई म्हणेल तसं कर, कोट घाल, गावाला कोटात दिस. फक्त तेवढे दिवस. माझ्यावर भरवसा नसेल तर नको ठेवूस, पण फोटो पाठव.

जुस्तिना

*

कास्तेल्लामारे,
१२ जानेवारी १९७६

प्रिय जुस्तिना,

फोटो सोबत आहे. चेहरा बरा करायला सांगितला होतास, जमला तेवढा केलाय. फोटोवाला म्हणाला हसा, मी म्हटलं तेवढे पैसे दिलेले नाहीत.

तुझ्या पत्रातली ती ओळ मी घडी घालून चोळीत ठेवली आहे. "माझा भाऊ गेलाय." एवढ्या महिन्यांत कोणीतरी पहिल्यांदा माझ्याशी खरं बोललं. त्यावर मी नाताळ काढला. कोट घातला. काल चर्चला घालून गेले. आईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि मागून कॉलर सरळ केली. लग्नानंतर त्यांनी मला इतक्या मायेने हात लावल्याचं आठवत नाही. वाटलं, येईन मी तुझ्याकडे. चात्यांच्या आवाजात आपण दोघी ओठ हलवू.

पण त्याआधी एकोणिसावी तारीख आहे. संत कातेल्लोचा दिवस. या गावात दगड भिरकावला तर कुठल्या तरी कातेल्लोलाच लागतो, त्यामुळे त्या दिवशी बेकरीची काय दशा होते ते तुला सांगायला नको. आईंनी यंदा गोडाचं मोठं तबक सांगितलंय. गेल्या वर्षी तो जहाजावर चढायच्या आधी घरीच होता, आठवतं? स्वतः जाऊन तबक आणलं होतं, आल्यागेल्याला आग्रह करत होता. आता आईंनी आमच्या जिन्यावरच्या साऱ्या बिऱ्हाडांना आमंत्रण दिलंय. "त्याच्या नावाचा दिवस आहे, तो नसला तरी तोंड गोड करायला या." लोक हो म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. आले आणि खाल्लं, तर तो जिवंत. नाही आले, तर आईंचा अपमान. सगळे माझ्याकडे असं बघतात की जणू यातून वाट मी काढायची आहे.

एवढा एक दिवस काढते. मग तुझ्याकडे येते.

ओर्सोला

*

कास्तेल्लामारे,
२५ जानेवारी १९७६

जुस्तिना,

तुला गावाकडून कळलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक.

सोमवारी सकाळी मी डाळिंबी कोट घालून बेकरीत गेले. आत शिरायला जागा नव्हती, काच वाफेने पांढरी झाली होती. सगळ्यांना तबकं हवी होती, सगळ्यांना आधी हवी होती. कोणाचा आजा कातेल्लो, कोणाचा जावई कातेल्लो. इदा ओरडत होती, "संत एकच आहे, हात मला दोनच आहेत." मी दिसले तसा घोळका सरकला. इदाने सोनेरी पुठ्ठा घेतला, स्फोल्यातेल्ला लावल्या, मधे क्रीमचे गोळे, वर साखर भुरभुरली. सुंदर दिसत होतं. तिने फितीचं रीळ ओढलं.

तेवढ्यात माझ्या मागची बाई, केसांना जाळी लावणारी, कोपऱ्यावरच्या बटणवाल्याची बायको, माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "कातेल्लोला आमच्याकडून शुभेच्छा सांग हं." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला वाटलं, असं म्हटलं की मला बरं वाटेल. सगळं गाव आईंच्या मनासारखं वागत होतं, तशी तीही वागली.

मी म्हटलं, "फीत नको."

मी हळू बोलले होते. इदाला ऐकू गेलं नसतं तर बरं झालं असतं. पण तिचा हात थांबला. "फीत नको म्हणजे?" मी म्हटलं, "पांढरा कागद लाव. सुतळी बांध." ती माझ्याकडे वाकली आणि हलक्या आवाजात तिने विचारलं, "तुझ्या सासूला, विन्चेन्झाला विचारलंस का? मला तिने बजावलं होतं, पोरीच्या पुड्याला फीत विसरू नकोस म्हणून." मी म्हटलं, "माझा नवरा मेलाय, डोन्ना इदा. मी किती दिवस त्याच्यासाठी कुरकुरीत नेऊ?"

 इदा काउंटरला वळसा घालून बाहेर आली. ती बाहेर आलेली मी कधी पाहिली नव्हती, किती बुटकी आहे ती. तिने माझे दोन्ही हात धरले, माझ्या बाह्यांना पीठ लागलं. म्हणाली, "मग तू इथे काय करतेस, पोरी? दुखवट्याच्या घरचं माणूस गोड घ्यायला येत नाही. घरी जा. आम्ही आणतो." आणि मला रिकाम्या हाताने दाराबाहेर पोचवलं. टोप्या उतरत होत्या. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला पळावंसं वाटत होतं.

आई गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी माझे रिकामे हात लांबूनच पाहिले. मी वर आले तेव्हा टेबलावर मोठी चादर होती, कप मांडलेले होते.  आई एकेक कप उचलून कपाटात ठेवायला लागल्या, आणि मग दाराचं एक पान लोटून घेतलं. अर्धं दार उघडं, अर्धं बंद, जसं मयताच्या घरी ठेवतात तसं. मी म्हटलं, "आई, मला माफ करा, मला सहन झालं नाही." त्या म्हणाल्या, "आधी तो कोट काढ. माणसं येतील."

आणि आली. पांढरे पुडे तळव्यांवर घेऊन आख्खा जिना आला. बेनेदेत्ता आली. टेबल भरलं, मग खुर्च्या, मग कपाटावरचं कपडे धुवायचं घमेलं. बायकांनी मला मधे बसवलं, कोणी डोकं धरलं, कोणी पाठ चोळली, "रड, बाळा, रड," म्हणत होत्या. आणि मला रडू येईना. वर्षभर ज्याच्यासाठी तरसले ते समोर आलं आणि डोळे कोरडे ठणठणीत. बटणवाल्याची बायको माझ्या वाटचंही रडली.

सगळे गेल्यावर आई माझ्याजवळ बसल्या. आता त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते.

म्हणाल्या, "मला तो गेल्याचं फेब्रुवारीतच कळलं. मी त्याची आई आहे, मला कंपनीने सांगायला हवं होतं का?"

मी म्हटलं, "मग हे सगळं कशासाठी?"

"मी सत्ताविसाव्या वर्षी काळं घातलं. गोदीत तुझा सासरा गेला तेव्हा. म्हटलं, दोन वर्षांचा प्रश्न आहे, मग निळं घालीन. वर्ष भरायच्या आत सासरे गेले. ते संपेना तोवर माझी आई. मग दीर. इथे एक मरण फिटायच्या आत दुसरं येतं. काळं उतरवायला मोकळा दिवसच सापडला नाही मला. आता मी दुसरा रंग घालून बाहेर पडले तर कुत्रीसुद्धा भुंकतील." मग म्हणाल्या, "तुझं वय अठ्ठावीस. समुद्रावर गेलेल्याची बायको कोट घालून गाडीत बसू शकते. विधवेला जिन्याखाली उतरायलाही कारण लागतं. तू एकदा जुस्तिनाकडे पोचली असतीस, की मी फादर एर्नेस्तोंकडे जाऊन मिस्सा सांगणार होते. तिकडे तुला कोणी विचारलं नसतं."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी काळं घातलं असतंस. हट्टी आहेस. त्यालाही तेच आवडायचं."

"आणि मी गेल्यावर तुम्ही एकट्या कोणाबरोबर रडणार होतात?"

"त्याची मला सवय आहे," म्हणाल्या.

मी त्यांना वेडी समजत होते, जुस्तिना. वर्षभर मनात शिव्या दिल्या. आणि त्या रोज त्याला जिवंत ठेवत होत्या, माझ्यासाठी. पोटच्या पोराच्या नावाने रडल्या नाहीत, माझ्यासाठी. मग मला रडू आलं, पण ते कातेल्लोसाठी नव्हतं.

तुला हे ठाऊक होतं ना?

ओर्सोला

*

विंटरथुर,
३ फेब्रुवारी १९७६

ओर्सोला,

होतं. आईने मार्चमध्ये लिहिलं होतं, नेहमीसारखं शेजारच्या मुलीकडून लिहवून नाही, स्वतःच्या हाताने, वेडंवाकडं. कोटाचा रंगही तिनेच सांगितला. मला शब्द द्यायला लावला. मी मनात म्हटलं, थोड्या महिन्यांचा तर प्रश्न आहे. तू एवढी घायकुतीला आलीस हे मला कळायला हवं होतं. तू पत्रात ओरडत होतीस आणि मी कोट घाल म्हणून सांगत होते.

हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस, असं लिहिणार होते. मग तुझ्या जागी मी स्वतःला उभं केलं. त्या दुकानात, त्या बाईचा हात दंडावर. मीही तेच म्हटलं असतं. कदाचित आणखी मोठ्याने.

तरी ऐक. मुकादमाला मी तुझं नाव दिलंय. परवाना आला आहे. काळ्या कपड्यांत ये. इथे कोणाला काही कळत नाही, इथे सगळ्याच बायका काळं-करडं घालतात. गाव बोलेल, तर बोलू दे. वर्षसुद्धा झालं नाही आणि विधवा पळाली म्हणतील. म्हणू दे ना. आईनेही हेच सांगितलं असेल तुला, मी तिला ओळखते. एक एप्रिलपर्यंत जागा आहे. ये गं.

जुस्तिना

*

कास्तेल्लामारे,
रविवार, १४ मार्च १९७६

प्रिय जुस्तिना,

आईंनी सांगितलं तर खरंच. रोज सांगतात. गाडीचं वेळापत्रक स्टेशनवरून विचारून आल्या. मी नाही येणार. माझी जागा त्या पोर्तुगीज बाईच्या कोणाला तरी मिळू दे.

हे मी गावाला घाबरून करत नाही. मिस्सा झाल्यापासून आई झोपत नाहीत. वर्षभर आवरून धरलेलं आता बाहेर पडतंय. भांडी घासता घासता मधेच थांबतात आणि नळ वाहत राहतो. नळ मीच बंद करते. कोणाला तरी करायला हवा. तू रागावशील. मी तुझ्या जागी असते तर मीही रागावले असते.

मला काळं हवं होतं आणि घरात नव्या झग्याचं कापड नव्हतं, म्हणून आईंनी त्यांचा एक झगा माझ्या मापाचा करून दिला. कंबरेत बराच आत घेतला, लांबी तेवढीच राहू दिली. शिवण टाकताना एकदाही मान वर केली नाही. मी म्हटलं, "दोन वर्षांनी उतरवीन." त्या "हो" म्हणाल्या आणि दाताने दोरा तोडला.

आज चर्चमधून एकटीच परत येत होते, आईंचे गुडघे दुखतात. डोक्यावर रुमाल होता. बाजाराच्या तोंडाशी आर्टिचोकची भाजी विकणारा म्हातारा बसतो, त्याने मागून हाक मारली, "डोन्ना विन्चेन्झा, तुमची जुडी बाजूला ठेवलीय." मी वळले. म्हणजे चटकन वळले, आपल्यालाच हाक मारलीय अशी. माझा चेहरा बघून तो बिचारा उठून उभा राहिला, टोपी काढली, "माफ कर पोरी, पाठीवरून कळलं नाही," म्हणाला. मी म्हटलं, काही हरकत नाही. जुडी घेतली आणि घरी आले.

आईंना जुडी दिली. हे मात्र सांगितलं नाही.

तुझी,
ओर्सोला